श्रीलंका: सात रात्री, आईचे गुडघे आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या

इंदोरावाली
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मे महिन्यात श्रीलंकेला जायचं चाललंय. मी, नवरा, यंदा दहावीत जाणारी मुलगी आणि माझी आई. आई ७१ वर्षांची. गुडघे पार गेलेत, काठी लागते, पण चालते. दर विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाते, गर्दीत आम्हीच मागे राहतो. तिची मागणी एकच आहे: अनुराधपूरचा बोधिवृक्ष. दीक्षाभूमीवरचा पिंपळ तिथल्या फांद्यांपासून वाढलेला, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेला, हे तिला पाठ आहे. "लेकीला आयुष्यभर बघितलं, आता एकदा मायला बघू दे," असं म्हणते.

इथे नागपुरात बर्डीवरच्या दोन टूरवाल्यांकडे जाऊन आले. दोघांचा कागद सारखाच: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, परत. पाच रात्री. अनुराधपूर म्हटलं की "मॅडम, तिकडे काही नाही, फार वर पडतं." नवऱ्याला सीता एलिया बघायचंय, मुलीला रिळांमधली ती निळी ट्रेन, मला समुद्र. सात रात्री आहेत. काय ठेवू, काय सोडू?

जुना_प्रवासी
तीन वेळा जाऊन आलोय, एकदा वडिलांना घेऊन. टूरवाल्याचा कागद आधी बाजूला ठेवा. तो कागद डिसेंबर-जानेवारीसाठी बनलेला आहे, मेमध्येही तोच खपवतात.

श्रीलंकेत पावसाळे दोन. नैऋत्येचा पाऊस मेपासून सप्टेंबरपर्यंत कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसा हा सगळा पट्टा आणि मध्यातल्या डोंगरांची पश्चिम बाजू धुऊन काढतो. तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. पूर्वेला ईशान्येचा पाऊस, तो साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर सगळीकडेच कोसळतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणारे हमखास भिजून येतात. मेमध्ये बेंटोटाला गेलात तर लाल झेंडा, खवळलेला समुद्र आणि हॉटेलची खिडकी. मिरिसाचे देवमासेसुद्धा नोव्हेंबर ते एप्रिलचे.

म्हणजे मेमध्ये समुद्र हवा असेल तर त्रिंकोमाली. आणि त्रिंकोमालीचा रस्ता अनुराधपूरकडूनच सोयीचा. तुमच्या आईंनी नकळत बरोबर मागणी केलीय.

दुसरं. नकाशात देश चिमुकला दिसतो, आणि खरंच लहान आहे. क्षेत्रफळ ६५ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आपला एकटा विदर्भ ९७ हजारांचा. पण एक्स्प्रेसवे सोडला तर ताशी चाळीसच्या वर सरासरी पडत नाही. शंभर किलोमीटर म्हणजे अडीच तास धरा. दिवसाला तीन ठिकाणं लिहिणाऱ्याने तिथे कधी गाडी चालवलेली नसते.

तर्रीबाज
हो जी ताई, जा बिनधास्त. मे मध्ये आपल्याकडे ४५ होऊन राह्यते, कूलरचं पाणी बी गरम येते. तिकडे ३३-३४. आमचे बाबूजी म्हणे, "हे तर हिल स्टेशन हाय." पण घाम असा निथळते की विचारू नका. आपली कोरडी भट्टी परवडली असं दुपारी दोन वाजता वाटते.

खायचं सांगतो, बाकी विद्वान लोक सांगतीलच. भात आणि त्याच्याभोवती पाच-सहा वाट्या भाज्या, त्यात परिप्पू म्हणजे मसूर डाळ नारळाच्या दुधातली. सकाळी आप्पम, इडियप्पम. रात्री रस्त्यावर तव्यावर दोन पत्र्यांनी टकाटक टकाटक आवाज आला की समजायचं कोत्तू रोटी, रोटी तोडून भाजी-अंडं-चिकन घालून परतलेली. मी सावजी खाणारा माणूस, तरी त्यांच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यानं डोळ्यात पाणी आणलं. कबूल करतो.

आई शाकाहारी असतील तर एक लक्षात ठेवा. पोल संबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, दिसायला एकदम निरागस. पण तिच्यात उंबलकड घालतात, म्हणजे वाळवलेल्या मासळीचा चुरा. आमच्या काकूनं तीन दिवस बोटं चाटून खाल्ली, चौथ्या दिवशी कळलं. मग जे झालं ते लिहीत नाही.

आणि थंबिली प्या. नारिंगी रंगाचं शहाळं. नागपूरच्या माणसाला तर घरचंच वाटेल.

गिट्टीखदानकर
सीता एलिया सोडू नका असं माझं मत. नुवारा एलियापासून जवळच, ओढ्याकाठी सीता अम्मनचं देऊळ, खडकात खळगे आहेत त्यांना हनुमानाची पावलं म्हणतात. रामटेकला गडावर जाणारी आपली माणसं, तिथं उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. शिवाय नुवारा एलिया १८६८ मीटर उंचीवर, चहाचे मळे, मेमध्येही रात्री स्वेटर लागतो. नागपूरच्या माणसाला यापेक्षा काय हवं?

जुना_प्रवासी
@गिट्टीखदानकर, जागा सुंदर आहे, वाद नाही. पण अनुराधपूर, त्रिंको आणि नुवारा एलिया एवढं सात रात्रींत कोंबलं तर आईंचे दोन अख्खे दिवस घाटातल्या वळणांवर जातील. त्यात मेचा पाऊस डोंगरात सुरू झालेला असतो. रामायणाचाच धागा हवा असेल तर त्रिंकोमालीचं कोणेश्वरम आहे. समुद्रात घुसलेल्या कड्यावर शंकराचं देऊळ, आणि त्याची कथा रावणाशी जोडलेली. कड्यात एक उभी चीर आहे, ती रावणाच्या तलवारीची, असं तिथले लोक सांगतात. मूळ देऊळ पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात पाडलं, आत्ताचं नंतरचं. नवरोबांची समजूत तिथे निघेल.

मिहानवाली
वाखुसा (वाचनखूण साठवली).

आता माझं रडगाणं. गेल्या वर्षी आम्ही पॅकेजवर गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. सिगिरियाहून कँडीला जाताना मातलेजवळ "स्पाइस गार्डन" दाखवायला थांबवलं. फुकट. एक जण पांढरा कोट घालून आला, दालचिनी, वेलदोडा, जायफळाची झाडं दाखवली, मग बाकावर बसवून नवऱ्याच्या टकलावर तेल चोळलं आणि शेवटी एका खोलीत नेलं. बाहेर पडलो तेव्हा हातात चार बाटल्या आणि खिशातून आपले अकरा हजार गेलेले. केस अर्थातच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कँडीत "जेम म्युझियम". तिथे मी गाडीतून उतरलेच नाही, तर चालकाचा चेहरा पडला. त्याचं कमिशन त्यात असतं, पगार कमी असतो, हे मला नंतर उमगलं. त्यामुळे त्याच्यावर राग नाही, पण आधीच स्पष्ट सांगा: मसाले नाही, रत्नं नाही, बाटिक नाही. वाटल्यास दिवसाचे पैसे थोडे जास्त ठरवा.

ट्रेनबद्दल: कँडी ते एल्ला जवळपास सात तास, कधी जास्त. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. मग तीच तिकिटं दलालांकडे दुप्पट-तिप्पट भावात. रिळांमध्ये जे दारात लटकलेले दिसतात त्यांच्या मागे डब्यात चेंगराचेंगरी असते, ती कोणी दाखवत नाही. जायचंच असेल तर नानू ओया ते एल्ला एवढाच टप्पा करा, सगळ्यात देखणा तोच. एसी डबा घेऊ नका, खिडक्या उघडत नाहीत. एल्लाच्या पुढे, देमोदराच्या वाटेवर तो नऊ कमानींचा पूल. १९२१ मधला, लोखंड न वापरता दगड-विटांचा बांधलेला. पुलावरून गाडी जाताना पूल दिसत नाही बरं का, त्यासाठी खाली उतरून चालत यावं लागतं.

वाकाटक
सिगिरियाचा विषय निघाला म्हणून तोंड उघडतो.

तो दोनशे मीटरचा खडक बघायला सगळे जातात, वर चढतात, सेल्फी काढतात, उतरतात. पण पश्चिमेच्या कड्यात अर्ध्या उंचीवर एका खबदाडीत ज्या स्त्रिया रंगवल्यात, त्यांच्यासमोर विदर्भातल्या माणसाने जरा जास्त वेळ थांबावं. कश्यप राजाचा काळ साधारण इ.स. ४७७ ते ४९५. बापाला मारून गादीवर आला आणि भावाच्या भीतीने खडकावर राजवाडा बांधून बसला. आणि अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कधीची? त्याच्या जरासं आधीची, वाकाटक हरिषेणाच्या काळातली. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम! दुसरी शाखा तर रामटेकजवळ नंदिवर्धनला, आजच्या नगरधनला. अर्धोन्मीलित डोळे, हातातली फुलं, बोटांची ती ठेवण... अजिंठा बघितलेल्याला लगेच ओळख पटते. मी तिथे उभा राहून बायकोला "ही आपल्याकडची वाटते" म्हटलं, तर मागचा सुरक्षारक्षक म्हणाला, "नो फोटो, मूव्ह." तिथे फोटोला बंदी आहे, आणि ते बरंच आहे.

त्याच्या खाली आरसेभिंत. एके काळी इतकी गुळगुळीत की राजाला स्वतःचं प्रतिबिंब दिसे म्हणतात. नंतरच्या शतकांत येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिच्यावर त्या बायांना उद्देशून कविता कोरल्या. म्हणजे ऐतिहासिक ठिकाणी जाऊन भिंतीवर नाव लिहिण्याचा रोग निदान हजार वर्षं जुना आहे. फक्त तेव्हाचे लोक बऱ्या कविता लिहीत.

पायऱ्या सुमारे १२००. शेवटच्या टप्प्यात दोन प्रचंड सिंहपंजांमधून लोखंडी जिना. आईंना अजिबात नाही. त्यांना खाली पाण्याच्या बागांपर्यंत आणा. सपाट आहे, खडक पूर्ण दिसतो, झाडाखाली बाकं आहेत. मुलीला पहाटे समोरच्या पिदुरंगलावर न्या. तिकीट स्वस्त, शेवटी दगडांवरून थोडं हातपाय टेकून चढावं लागतं, आणि सूर्योदयाला अख्खा सिगिरिया समोर. सिगिरियावर चढलं की सिगिरियाच दिसत नाही, ही गंमत बऱ्याच जणांना वर गेल्यावर कळते.

आणि पासपोर्ट खोलीत ठेवू नका. मोठ्या स्थळांवर सार्क देशांच्या पासपोर्टला तिकीट इतर परदेशी लोकांपेक्षा बरंच कमी असतं. फोनमधला फोटो चालेल की नाही हे खिडकीवरच्या माणसाच्या मूडवर.

जंगलवेडा
ताडोबा-पेंच केलेल्या माणसांनी याला नावाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नादी लागू नये, हे माझं वैयक्तिक मत. बिबट्यांसाठी जगभर नाव आहे, दिसतातही. तिथे वाघ नाही, त्यामुळे बिबट्याच राजा, दिवसाढवळ्या ऐटीत फिरतो. पण एक बिबट्या दिसला की चाळीस जिप्सी. आपल्याकडच्या मोहर्लीच्या रविवारची आठवण होईल.

हत्ती मात्र बघा. आपल्याकडे गडचिरोलीत छत्तीसगडहून कळप आलेत आता, पण ते बघायला जायची गोष्ट नाही. उडावलवेला वर्षभर हत्ती दिसतात. तिथेच अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, १९९५ पासूनचं. ठरलेल्या वेळी दूध पाजतात, तुम्ही लांबून बघायचं, हात लावायचा नाही, मोठी झाली की जंगलात सोडतात. पिन्नवलाच्या हत्ती अनाथालयापेक्षा मला हे पटलं. हत्तीवर बसवणाऱ्यांकडे तर जाऊच नका. ताईंच्या वाटेत मिन्नेरिया पडेल, पण तिथे तळ्याकाठी शेकडो हत्ती जमतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात.

पाचपावली
ताई, सगळे कुठे जायचं ते सांगून राहिले, मी कसं जायचं ते सांगते. आम्ही विहाराच्या ग्रुपने गेलो होतो, बावीस जण, निम्मे साठीच्या पुढचे.

१. पांढरे कपडे. खांदे आणि गुडघे झाकलेले. आईंची पांढरी साडी असेलच, तीच. टोपी, छत्री आवारात चालत नाही, डोकं उघडंच. अंगावर बुद्धाचा टॅटू असलेल्यांना विमानतळावरून परत पाठवल्याचे प्रकार झालेत, आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं हा तिथे मोठा अपमान. मुलीला नीट समजावा.

२. मोजे! चप्पल फार लांब काढावी लागते आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. रुवनवेलीसाय स्तूपाच्या अंगणात आमचे एक काका अक्षरशः उड्या मारत होते. जाड सुती मोजे घालू देतात. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच जा.

३. अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेला जायचं असेल तर पूर्ण चढण १८४० पायऱ्यांची आहे म्हणून घाबरू नका, गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, निम्म्याहून जास्त पायऱ्या वाचतात. तरी आईंचे गुडघे बघून ठरवा. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र लंकेत आले ते इथे, जून पौर्णिमेला. त्या पोसोनला अनुराधपुरात पाय ठेवायला जागा नसते.

४. वेसाक म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा. दोन दिवस सुट्टी, घराघरावर कागदी कंदील, रस्तोरस्ती "दनसल", म्हणजे येईल त्याला फुकट जेवण. दीक्षाभूमीच्या रस्त्यावरच्या अन्नदानाची आठवण येतेच. पण अधिक महिना असला की त्यांची तारीख आणि आपली तारीख वेगळी पडू शकते, बुकिंगआधी त्यांचं कॅलेंडर बघा. प्रत्येक पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि दारू मिळत नाही, हे ज्यांना लागू आहे त्यांनी वाचावं.

५. कँडीला दंतधातू मंदिर बघालच. १९५० साली बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते, धर्मांतराच्या सहा वर्षं आधी. आमच्या गाइडला हे माहीत नव्हतं. आमच्यातल्या एका आजीने त्याला सांगितलं, हिंदीत, सविस्तर. त्याला किती कळलं देव जाणे.

तर्रीबाज
दुसऱ्या मुद्द्यातले काका ते मीच असतो तर बरं झालं असतं, फुकट जेवण तर मिळालं असतं.

इंदोरावाली
सगळ्यांना दंडवत. काल रात्री आईला बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मोज्यांचं ऐकून लगेच कपाटातून काढून ठेवले.

ठरलं असं: कटुनायके विमानतळावरून थेट अनुराधपूर, दोन रात्री. तिथून त्रिंकोमाली दोन, सिगिरिया-दांबुल्ला दोन, कँडी एक. नुवारा एलिया, एल्ला, बेंटोटा बाद. मुलगी रुसलीय. तिच्यासाठी कँडीहून कोलंबोला गाडीने न जाता ट्रेनने उतरू, अडीच-तीन तास, कडुगन्नावाचा घाट लागतो म्हणे. पोलोन्नरुवाचा खडकातल्या बुद्धमूर्तींचा गल विहार राहतोय याची हळहळ आहे. नागपूरहून थेट विमान नाहीच, चेन्नईवरून जातोय. परवाना ऑनलाइन काढला. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी दोन-तीन आहेत, नवरा एकात जवळजवळ फसला होता.

जुना_प्रवासी
उत्तम. दांबुल्लाच्या पाच गुहा चढायला काही शे पायऱ्या आहेत आणि वाटेत माकडं. आईंच्या हातात पिशवी देऊ नका. आल्यावर लिहा. इथले धागाकर्ते सल्ला घेऊन गायब होतात.

इंदोरावाली
गायब नाही झाले. आल्यावर आठवडा कपडे धुण्यात गेला.

त्रिंकोमालीचा समुद्र खरंच तळ्यासारखा शांत होता. आम्ही चार तास पाण्यातून निघालो नाही. कोणेश्वरमच्या वाटेवर हरणं मोकळी फिरतात, त्यातल्या एकाने नवऱ्याच्या हातातला केळ्यांचा घड सालीसकट लांबवला. तेव्हापासून तो सीता एलियाचं नाव काढत नाही. पिदुरंगला मुलीने केला, आल्यावर ट्रेनचा विषयच विसरली. दांबुल्लाला आई अर्ध्यावर बसली, "तुम्ही बघून या, मला फोटो दाखवा" म्हणाली. मसाल्याची बाग टळली, रत्नं टळली. पौर्णिमा मात्र हुकली, तारखा जुळल्या नाहीत.

अनुराधपूरला पहाटे साडेसहाला पोचलो. रस्त्यावर फुलंवाल्या कमळाच्या कळीची एकेक पाकळी बाहेरून दुमडत बसलेल्या. आईने एकीसमोर फतकल मारली आणि शिकून घेतलं. तीन कमळं तिने स्वतः दुमडली. आत सगळे पांढऱ्यात, कुणी मातीच्या घटात पाणी घेऊन फेऱ्या घालतंय, कुठे गोंगाट नाही. बोधिवृक्ष उंच ओट्यावर आहे, सोनेरी कठड्याच्या आत, जवळ जाता येत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने आणलेल्या फांदीचं झाड, मला वाटलं होतं अवाढव्य असेल. आहे तसं बारीकच. एक सडपातळ फांदी कलून बाहेर आलीय आणि तिला खालून सोनेरी रंगाचे लोखंडी टेकू दिलेत.

आई वाळूत बसली. शेजारी तिच्याच वयाची एक बाई होती, तिला मराठी-हिंदी काही येत नव्हतं. आईने त्रिसरण सुरू केलं, तिनेही म्हटलं. शब्द तेच, चाल वेगळी, त्यामुळे दोघी एकमेकींच्या पुढेमागे होत राहिल्या. तिसऱ्यांदा "ततियम्पि" ला कशाबशा जुळल्या.

निघताना आई बराच वेळ त्या टेकूंकडे बघत होती. मग काठी माझ्या हातात देऊन चपला घालत म्हणाली, "तिलाही लागते बघ."

पाचपावली
ताई... वाचून सासूबाईंना दाखवलं. त्या पुढच्या ग्रुपमध्ये नाव द्या म्हणताहेत.

मिहानवाली
चालकाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना, मसाल्याच्या बागेत न नेणारा.

इंदोरावाली
केला.

तर्रीबाज
आणि मोजे कोणते घेतले होते जी?

इंदोरावाली
साधे सुती, बर्डीवरचेच. दोन जोड ठेवा, एका दिवसात तळवे फाटतात.